विहिरीवर मोशे उठला



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील युवकांनी आमच्यापुढे एक मागणी ठेवली. संध्याकाळी गायनाचा सराव आटोपून मुली घरी निघतात, तेव्हा वाटेतल्या मोरीवर काही तरुण मोटारसायकली आडव्या लावून बसलेले असतात. शिट्ट्या मारतात, घाणेरडे बोलतात, आणि आता एका मुलीची ओढणी ओढण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. युवकांचे म्हणणे सरळ होते. ‘फादर, आम्ही दहा-बाराजण जातो, एकदाच चांगला प्रसाद देतो. पुन्हा कोणी तिथे बसणार नाही.’ सभेत बसलेल्या काही वडीलधाऱ्यांनीही माना डोलावल्या. एक आजी मात्र म्हणाल्या, ‘बाबांनो, कोणाच्या डोक्याला लागलं तर?’ त्यावर कोणी काही बोलले नाही आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

उत्तर देण्याआधी आम्ही थोडा वेळ घेतला. प्रश्न एका मोरीपुरता नाही. विरार लोकलच्या डब्यात, बाजारात, लग्नाच्या मांडवात, समुद्रकिनारी आपल्या डोळ्यांदेखत कोणी दुबळ्याला छळत असेल, तर बघणाऱ्याने काय करावे? हात उचलावा की मान खाली घालून पुढे जावे? ख्रिस्ती माणसाने मारामारी करू नये, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण डोळ्यांदेखत अन्याय होत असताना नुसते बघत राहू नये, हे बहुधा तितक्या मोठ्याने शिकवलेले नसते.

पवित्र शास्त्रात या प्रश्नाचा एक फार जुना धडा आहे. निर्गमाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आज घरी गेल्यावर जरूर वाचा. आपल्याला त्यातली टोपलीतल्या बाळाची गोष्ट आठवते, आणि पुढचे आपण भराभर वाचून जळत्या झुडपापाशी पोहोचतो. पण त्या दोहोंच्या मध्ये मोशे दोनदा अन्यायात पडतो.

पहिल्यांदा तो मिसर देशात आहे. एक मिसरी मनुष्य एका इब्री मजुराला मारत असल्याचे त्याला दिसते. तो मजूर त्याच्या रक्ताचा, त्याचा भाऊबंद. मोशे इकडे बघतो, तिकडे बघतो. कोणी नाही असे पाहून तो त्या मिसऱ्याला ठार करतो आणि प्रेत वाळूत पुरतो. दुसऱ्या दिवशी दोन इब्रीच आपसात भांडताना दिसतात. मोशे त्यांना समजवायला जातो तर चुकी करणारा उलटून त्यालाच विचारतो, की तुला आमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले, कालच्यासारखे मलाही मारणार आहेस काय? मोशे घाबरतो. बातमी फुटलेली असते, फारो त्याच्या जिवावर उठतो आणि त्याला देश सोडून पळावे लागते. ज्या मजुरासाठी त्याने खून केला त्या मजुराचे पुढे काय झाले, ते शास्त्र सांगतच नाही. त्याची सुटका झाली की दुसरा मुकादम आला, कोण जाणे.

दुसऱ्यांदा मोशे मिद्यान देशात एका विहिरीजवळ बसलेला आहे. परका देश, ओळखीचे कोणी नाही, डोक्यावर खुनाचा गुन्हा. तिथल्या याजकाच्या सात मुली मेंढरांना पाणी पाजायला येतात. पाणी शेंदून डोणी भरतात. तेवढ्यात काही मेंढपाळ येऊन त्यांना हाकलू लागतात. भरायचे मुलींनी आणि प्यायचे यांच्या मेंढरांनी! मोशे उठतो, मुलींची सुटका करतो आणि स्वतः पाणी काढून त्यांच्या कळपाला पाजतो. घरी गेल्यावर बाप विचारतो, आज इतक्या लवकर कशा आलात? भगिनींनो, या साध्या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. आज लवकर, याचा अर्थ रोज उशीर होत होता. हा छळ बहुधा रोजचाच होता. घरात सर्वांना त्याची सवय झाली होती. मुली उशिरा येणार हे जणू ठरूनच गेले होते.

आपल्या मोरीवरूनही मुली हल्ली लांबच्या रस्त्याने घरी जातात, असे आम्हाला समजले. दोघींनी तर गायनाला येणेच सोडले आहे. आईवडिलांनी विचारले तर ‘अभ्यास आहे’ म्हणतात.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. माणूस तोच आहे, संतापही तोच आहे. दोन्ही वेळा दुबळ्यासाठीच त्याचे मन पेटले. पण पहिल्या वेळी त्याने आधी कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली. दुसऱ्या वेळी तो चारचौघांत उभा राहिला. पहिल्या वेळी त्याचे लक्ष मारणाऱ्यावर होते, दुसऱ्या वेळी मार खाणाऱ्यावर. पहिल्या वेळी काम झाल्यावर त्याला काही पुरावे लागले. दुसऱ्या वेळी त्याने मेंढरांना पाणी पाजले. मेंढपाळांना त्याने कसे हाकलले, धक्काबुक्की झाली की नुसता आवाज चढवला, हे शास्त्र सांगत नाही. काही ना काही जोर लागलाच असणार, रोज दांडगाई करणारे मेंढपाळ विनंतीने हलत नाहीत. पण त्याच्या हातून कोणी मेले नाही आणि कोणी लंगडे झाल्याचाही उल्लेख नाही.

मोशेच्या पहिल्या कृत्याविषयी ख्रिस्तसभेच्या थोर आचार्यांतही मतभेद होता. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी मोशेची प्रशंसा केली. शक्य असूनही जो आपल्या माणसावरचा आघात अडवत नाही, तो आघात करणाऱ्याइतकाच दोषी, असे त्यांचे मत होते आणि उदाहरण म्हणून त्यांनी मोशेच पुढे केला. इ. स. ३८७ मध्ये याच अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतलेले संत ऑगस्टीन यांनी मात्र वेगळा कौल दिला. मोशेला कोणी अधिकार दिलेला नव्हता, म्हणून त्याने त्या मिसऱ्याला मारायला नको होते, असे ते म्हणतात. परंतु लगेच पुढे असेही म्हणतात, की जमीन सुपीक असली की पेरणीआधी तिथे तणही जोमाने वाढते, तसा तो राग होता. तण वाईट, पण जमीन चांगली. गेथशेमानी बागेत तलवार उपसणाऱ्या पेत्राची आठवणही ते याच ठिकाणी करतात.

आपल्या युवकांविषयी आम्हाला हेच सांगावेसे वाटते. पोरांनो, तुमची जमीन चांगली आहे. बहिणींच्या अपमानाने तुमचे रक्त तापते, याचा आम्हाला आनंद आहे. ज्यांना काहीच वाटत नाही त्यांच्यापेक्षा तुम्ही देवाच्या राज्याला अधिक जवळ आहात. तरी त्या जमिनीत काय पेरायचे, हे ठरवायला हवे.

‘एका गालावर मारले तर दुसरा पुढे करा, असे प्रभू येशूने सांगितले आहे ना?’ असे सभेत कोणीतरी विचारले होते. सांगितले आहे. पण ते आपल्या स्वतःच्या गालाविषयी आहे. दुसऱ्या मुलीचा गाल पुढे करण्याचा अधिकार प्रभूने आपल्याला कुठे दिला? लेवीयाच्या पुस्तकात (१९:१६) देवाने इस्राएलला स्पष्ट आज्ञा केली आहे, की शेजाऱ्याचे रक्त सांडत असता स्वस्थ उभे राहायचे नाही. कथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिकवणीतही (क्र. २२६३ ते २२६५) हाच विचार आहे. स्वतःचा आणि दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरणे योग्य ठरू शकते. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी तर ते गंभीर कर्तव्यही ठरू शकते. अट एकच आहे आणि ती संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून चालत आली आहे. बळ गरजेपुरते हवे. बचावाला लागते त्याहून जास्त मारले, तर तो बचाव राहत नाही.

आपल्या देशाचा कायदाही जवळपास तेच सांगतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ पासून पुढे हे दिलेले आहे. स्वतःच्या तसेच दुसऱ्या कोणाच्याही शरीराचा बचाव करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, पण बचावाला आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिक पकडू शकतो, परंतु त्याला विनाकारण अडकवून न ठेवता सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. चोप देऊन सोडून देण्याची किंवा खांबाला बांधून ठेवण्याची सोय कायद्यात नाही.

आता मोरीचा विचार करा. दहा-बाराजण ठरवून, वेळ साधून जाणार. त्या क्षणी कोणा मुलीवर हल्ला चाललेलाही नसेल. तिथे बसलेल्या पाचजणांपैकी ओढणी कोणी ओढली होती आणि कोण त्या दिवशी प्रथमच आला होता, हे अंधारात कोण बघणार? हा मोशेचा पहिला प्रसंग झाला, दुसरा नव्हे.

असे करायला निघालेली माणसे सुरुवातीला दुष्ट नसतात, हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० ची रात्र आठवा. टाळेबंदीचे दिवस होते. चोर फिरतात, मुले पळवणारे फिरतात अशा अफवा पालघर जिल्ह्यातल्या गावागावांत पसरल्या होत्या आणि लोक रात्री पहारा देत होते. आपली मुलेबाळे सुखरूप राहावीत एवढाच त्यांचा हेतू होता. त्या रात्री गडचिंचले येथे एक गाडी अडवली गेली. गाडीत दोन साधू आणि त्यांचा चालक होता, ते सुरतकडे एका अंत्यविधीला निघाले होते. पोलीस येऊन पोहोचले होते तरी जमावाने तिघांनाही ठार मारले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच गरीब माणसांना मुले पळवणारी टोळी समजून लोकांनी ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. या दोन्ही ठिकाणी मारणाऱ्यांपैकी अनेकांना त्या क्षणी आपण संरक्षक आहोत असेच वाटले असणार. जमावात प्रत्येकजण एकच फटका मारतो, आणि मरणारा ते सगळे फटके खातो.

इथपर्यंत वाचून काहीजणांना बरे वाटेल. ‘बघा, फादरसुद्धा सांगतात, भानगडीत पडू नका.’ बंधूंनो, आम्ही तसे मुळीच सांगत नाही. दुसऱ्या बाजूची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे.

१८ जून २०२४ रोजी सकाळी, लोक कामाला निघायच्या वेळी, आपल्या वसईत पूर्वेला भर रस्त्यात एका तरुणाने एका तरुणीच्या डोक्यात लोखंडी पान्याने घाव घातले. एक नव्हे, अनेक. ती पडली तरी तो थांबला नाही. रस्त्यावर माणसे होती. काहीजण फोनवर चित्रण करत होते, म्हणून तर आपण सर्वांनी ते पाहिले. एक मनुष्य पुढे गेला, त्याने मारणाऱ्याला धरायचा प्रयत्न केला. मारणारा त्याच्यावर उलटला तसा तो मागे सरला. त्या मनुष्याला पुष्कळांनी नावे ठेवली. आमच्या मते त्या सकाळी रस्त्यावर तोच एक मोशे होता. उणीव त्याच्या धैर्याची नव्हती, त्याच्या पाठोपाठ दुसरा आणि तिसरा पुढे आला नाही ही होती. पाना एक होता आणि माणसे पुष्कळ होती. चारजणांनी एकदम पुढे होऊन त्याचा हात मुरगळून पाना काढून घेतला असता, त्याला खाली पाडून वर बसले असते, तर ते बळ पवित्रच म्हणावे लागले असते. त्यात त्याचे मनगट मोडले असते तरीसुद्धा.

माणसे गोठून का उभी राहतात, याचा अभ्यास झालेला आहे. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकाला फिट आल्याचा आवाज त्यांना ऐकवला. ऐकणारा आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी शंभरात ८५ जण वेळेत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी फक्त ३१. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता. पण पुढचेही सांगायला हवे. ब्रिटन, हॉलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या तीन शहरांत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहापैकी नऊ प्रसंगी निदान एक बघणारा तरी मध्ये पडलेला दिसला. म्हणजे माणूस समजतो तितका दगड नाही.

मग धोक्याचे काय? धोका आहेच. २० ऑक्टोबर २०११ रोजी अंधेरीजवळ आंबोली येथे दोन तरुणांनी आपल्या मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अटकाव केला. तो गेला, साथीदार आणि सुरे घेऊन परत आला. त्यांच्यातला एक तरुण त्याच दिवशी गेला, दुसरा ३१ ऑक्टोबरला. आजूबाजूला लोक होते. चारही आरोपींना २०१६ च्या मे महिन्यात जन्मठेप झाली, पण दोन घरांतल्या दोन खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. पालक आपल्या मुलांना ‘तू मध्ये पडू नकोस’ म्हणतात ते उगाच नाही. त्या भीतीला आम्ही पाप म्हणत नाही. कडेवर मूल असलेल्या बाईने, सत्तरीच्या आजोबांनी सुऱ्याला भिडावे असे प्रभू मागत नाही. त्याने प्रत्येकाला सारखे हातपाय दिलेले नाहीत. आवाज मात्र बहुतेकांना दिला आहे.

दानीएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातली सुसान्नाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. दोन लब्बाड वडिलांनी तिच्यावर खोटा आळ घेतला, सभेने तो खरा मानला आणि तिला मारायला घेऊन निघाले. तेव्हा दानीएल हा पोरसवदा मुलगा गर्दीतून मोठ्याने ओरडला, की या बाईच्या रक्तात माझा वाटा नाही. त्याने कोणाच्या अंगाला हात लावला नाही. लोक थांबले, वळले, काय झाले म्हणून विचारू लागले. एका ओरडण्याने जमाव परत फिरला. जमाव दगड घेऊन उभा असता प्रभू येशूने काय केले (योहान ८), तेही आठवा. तो त्या स्त्रीच्या जवळ राहिला, जमिनीवर बोटाने लिहीत बसला, आणि बोलला तेवढ्याने एकेकजण निघून गेला. तिच्याजवळ शेवटपर्यंत थांबला तो एकटाच.

गाडीत कोणी कोणाला त्रास देत असेल तर ‘अहो, काय चाललंय?’ एवढे मोठ्याने विचारा. शेजारच्याला हलवून ‘दादा, तुम्ही पण उठा’ म्हणा. नुसते ‘कोणीतरी या हो’ असे ओरडलात तर कोणी हलत नाही, बोट दाखवून सांगितले की माणूस उठतो. रेल्वेत १३९, बाहेर ११२ हे क्रमांक लहान मुलांनाही पाठ हवेत. त्या मुलीला किंवा बाईला आधी विचारा, ‘बेटा, तुझ्यासोबत येऊ का?’ पुष्कळदा मारणाऱ्याकडे बघायच्या नादात तिच्याकडे कोणी बघतच नाही. आणि प्रसंग आलाच, हात घालावाच लागला, तर हात धरायला घाला, हत्यार काढून घ्यायला घाला. तो खाली पडला, हत्यार सुटले की तिथेच थांबा. त्यानंतर मारलेली लाथ त्या मुलीसाठी नसते, ती आपल्या रागासाठी असते. पेत्राने मल्खाचा कान कापला तेव्हा प्रभूने त्याला अडवले आणि तो कान बरा केला. आपल्याला कापलेले कान जोडता येत नाहीत, म्हणून आपण अधिक जपायला हवे.

एक गोष्ट या सगळ्यापेक्षा अवघड आहे आणि तिच्यात शौर्य दिसत नाही. साक्ष देणे. थप्पड मारायला दहाजण असतात, पण पोलीस ठाण्यात जबाब द्यायची वेळ आली की सगळ्यांना गाडी पकडायची असते. तारखांमागून तारखा पडतात, एक दिवसाची मजुरी जाते, घरचे कुरकुरतात, समोरच्या पक्षाचे लोक ओळख काढून येतात. मोशेने मेंढरांना पाणी पाजले, ते हेच. दांडगे निघून गेल्यावर जे उरते ते काम. आपल्या धर्मग्रामात कोणी अशी साक्ष देत असेल, तर त्याच्या तारखेच्या दिवशी त्याच्या लहान ख्रिस्ती समूहातून एकाने सोबत जावे आणि त्याच्या त्या दिवसाच्या खर्चाची काळजी बाकीच्यांनी करावी, असे आम्हाला वाटते.

आता थोडे कडू बोलायचे आहे. मोरीवरची मुले ‘बाहेरची’ आहेत असे सभेत चारदा सांगितले गेले. असतीलही. पण गेल्या लग्नसराईत आपल्याच मांडवात, आपल्याच घरच्या मुलांनी दारू पिऊन नाचताना पाहुण्या मुलींशी जे वर्तन केले, त्याविषयी दहा-बाराजणांचे पथक काढायचे कोणी सुचवले नाही. तिथे आपण म्हणालो, ‘जाऊ द्या, पोरं आहेत, लग्न आहे.’ परक्या मुलाला प्रसाद आणि आपल्या मुलाला पांघरूण, हा कुठला न्याय? विहिरीवर मोशे ज्यांच्यासाठी उठला त्या मुली त्याच्या जातीच्या नव्हत्या, भाषेच्या नव्हत्या, देवळाच्या नव्हत्या. त्यांनी तर घरी जाऊन एका मिसरी माणसाने आम्हाला सोडवले असे सांगितले. त्याच्या पोशाखावरून त्यांना तो तसाच वाटला असावा. मिद्यानात तोच बाहेरचा होता. आज आपल्या गावात कामासाठी दूरदेशाहून आलेली एखादी मुलगी मोरीवरून जात असेल आणि छेडणारा आपला पुतण्या असेल, तेव्हा आपण उठतो का?

म्हणून युवकांच्या मागणीला आमचे उत्तर असे आहे. मारायला जाण्याला आम्ही संमती देत नाही. कोणी गेलाच तर चर्चचे नाव घेऊन जाऊ नये. पण मोरी मोकळीही सोडायची नाही. मंगळवार आणि शुक्रवार, सरावाच्या दिवशी, सरावानंतर चौघाचौघांच्या गटाने मुलींसोबत त्यांच्या घरापर्यंत चालत जायचे. प्रत्येक गटात निदान एक आई आणि एक वडीलधारा पुरुष असावा, नुसते तरुण नकोत. मोरीवर बसलेल्यांना नमस्कार करायचा, नावे विचारायची, मोटारसायकली बाजूला घ्या असे स्पष्ट सांगायचे. कोणी अंगावर आला तर मुलींना मध्ये घ्यायचे, तिथेच उभे राहायचे आणि ११२ ला फोन लावायचा. त्या मुलीची व तिच्या आईवडिलांची इच्छा असेल तर ओढणीच्या प्रकाराची रीतसर तक्रार पोलीस ठाण्यात द्यायची, आम्ही दोघेही धर्मगुरू त्यांच्यासोबत येऊ. ज्या दोन मुलींनी गायन सोडले त्यांच्या घरी सिस्टर या आठवड्यात जाणार आहेत.

लग्नाच्या मांडवाविषयी स्वतंत्र बोलणे होईल. त्या सभेला मुलींच्या वडिलांआधी मुलांच्या वडिलांनी यावे.

मोरीवरचे दोन्ही दिवे तीन महिन्यांपासून बंद आहेत. महानगरपालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या घेण्यासाठी आज प्रत्येक मिस्सानंतर दारापाशी टेबल मांडलेले आहे. मंगळवारच्या पहिल्या गटासाठी सहा नावे आली आहेत, दोन हवी आहेत. इच्छुकांनी आज दुपारपर्यंत कार्यालयात नाव द्यावे आणि येताना काठी, दांडा असे काहीही आणू नये. विजेरी आणावी.